एका पौंडाचा साक्षीदार

ऑगस्ट २०२५मध्ये ब्रिटनमधल्या ‘आइसलँड’ या सुपरमार्केट साखळीने ग्राहकांना सांगितलं, की आमच्या दुकानात कुणी उचलेगिरी करताना दिसलं तर जवळच्या कर्मचाऱ्याच्या कानावर घाला, तुमच्या बोनस कार्डावर एक पौंड जमा करू. एक पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ११५ रुपये. गोठवलेले वाटाणे, मासे आणि पिझ्झा विकणाऱ्या या साखळीचं चोरीपायी होणारं नुकसान, तिच्याच सांगण्यानुसार, वर्षाला सुमारे दोन कोटी पौंड. आपल्या हिशोबात सव्वादोनशे कोटी रुपयांच्या वर.

त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या थेम्स व्हॅली भागाचे निवडून आलेले पोलीस आयुक्त मॅथ्यू बार्बर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. चोरी थांबवणं हे एकट्या पोलिसांचं काम नाही, लोकांनीही चोराला हटकायला हवं, असा त्यांचा सूर होता. त्यावर अर्थातच गदारोळ झाला. ग्राहक दूध-पाव घ्यायला जातो, पहारा द्यायला नाही, असं एका बाजूचं म्हणणं. सगळेच मान फिरवून निघून गेले तर चोराला मोकळं रानच मिळतं, असं दुसऱ्या बाजूचं.

आइसलँड ‘सांगा’ म्हणतं, बार्बर ‘हटका’ म्हणतात. वादात या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या गेल्या. आकडे मात्र त्या वेगळ्या ठेवतात.

आधी चोरीचं आकारमान पाहू. ब्रिटनमधल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियमच्या पाहणीनुसार ऑगस्ट २०२४ला संपलेल्या वर्षात ग्राहकांकडून चोरीचे दोन कोटी चार लाख प्रकार घडले आणि २२० कोटी पौंडांचा माल गेला. भागाकार केला तर रोज सुमारे ५६ हजार चोऱ्या, आणि एका चोरीत सरासरी १०८ पौंडांचा माल. आता पोलिसांचं दप्तर उघडू. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदल्या गेलेल्या दुकानचोऱ्या ५,३०,६४३. आदल्या वर्षापेक्षा २० टक्के जास्त, आणि सध्याच्या पद्धतीने नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा. तरीही व्यापाऱ्यांच्या ३८ चोऱ्यांमागे पोलिसांकडे नोंद जेमतेम एक.

हे दोन आकडे शेजारी ठेवताना थोडी सावधगिरी हवी. पहिला संपूर्ण ब्रिटनचा आणि अंदाजाचा आहे, दुसरा दोनच प्रांतांचा आणि प्रत्यक्ष नोंदींचा. वर्षंही तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय व्यापाऱ्यांच्या संघटनेला नुकसान मोठं दिसण्यात रस असणारच. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनने तर २०२३मध्ये आपल्याच अहवालातला एक दावा मागे घेतला. दुकानांच्या एकूण तुटीपैकी जवळजवळ निम्मी तूट संघटित टोळ्यांमुळे होते, असा तो दावा होता आणि तो टिकला नाही. पण आकडा निम्मा धरला तरी चित्र फार बदलत नाही. बहुतेक चोऱ्या पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत.

पोचलेल्यांचं काय होतं? त्या ५,३०,६४३ प्रकरणांपैकी २,८९,४६४, म्हणजे ५५ टक्के, संशयित कोण हेच न कळल्यामुळे बंद झाली. दुकानात कॅमेरे आहेत, दारात पहारेकरी आहे, आणि तरीही निम्म्याहून अधिक वेळा चोर कोण हे कळत नाही. पाहणाऱ्या माणसाची किंमत इथे दिसते. अंगावर हिरवा स्वेटर होता, दोन मिनिटांपूर्वी डाव्या दाराने गेला, चीजच्या फडताळापाशी पिशवीत भरताना पाहिलं, एवढं कुणी वेळेवर सांगितलं तर बंद होणारी फाइल उघडी राहू शकते. एक खरी खबर १०८ पौंडांचा माल वाचवत असेल, तर तिच्यासाठी एक पौंड मोजणारा दुकानदार मुळीच उदार नाही, हिशोबी आहे.

हटकण्याचा हिशोब मात्र वेगळा लागतो. व्यापाऱ्यांच्या त्याच पाहणीत दुकानातल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या मारहाण-शिवीगाळीचे प्रकार रोज दोन हजारांहून अधिक, आणि त्यांपैकी रोज ७० प्रकारांत हत्यार होतं. आदल्या वर्षी रोजचा आकडा १,३०० होता. कुणी म्हणेल, ५६ हजार चोऱ्यांत ७० हत्यारं म्हणजे आठशेत एक, एवढं काय घाबरायचं? या भागाकारात छेद चुकतो. त्या ५६ हजारांपैकी बहुतेक चोरांना कुणी अडवलेलंच नसतं. चोर मुकाट निघून जातो, म्हणून ती चोरी शांततेत पार पडते. ज्याने वाट अडवली त्याच्या वाट्याचा धोका काढायचा तर फक्त अडवलेल्या चोऱ्या मोजायला हव्यात, आणि त्या संख्येने फारच थोड्या. म्हणजे अडवणाऱ्यासाठी हे गुणोत्तर आठशेत एकपेक्षा पुष्कळच वाईट असणार.

अमेरिकेतली दोन प्रकरणं घ्या, दोन्ही एप्रिल २०२३मधली. कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावी होम डेपोच्या दुकानात चोरी रोखण्याच्याच कामावर नेमलेला २६ वर्षांचा कर्मचारी चोराला अडवताना गोळी लागून गेला. सॅन फ्रान्सिस्कोत उलट घडलं. औषधांच्या एका दुकानातल्या सशस्त्र पहारेकऱ्याने साधारण १४ डॉलरची गोळ्या-बिस्किटं उचलल्याच्या संशयावरून झालेल्या झटापटीनंतर २४ वर्षांच्या एका व्यक्तीला गोळी घातली. एका ठिकाणी अडवणारा मेला, दुसऱ्या ठिकाणी अडवलेला. दोन्हीकडे अडवणारी माणसं पगारी होती, याच कामाला ठेवलेली. नुसत्या गिऱ्हाइकाने त्या जागी उभं राहावं असं सांगणाऱ्याने निदान हे दोन प्रसंग डोळ्यांपुढे ठेवावेत.

मग लोक निदान सांगत तरी का नाहीत? या प्रश्नाचा अभ्यास बिअरच्या दुकानात झाला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सफर्न गावात ‘न्यू-वे बेव्हरेज सेंटर’ नावाचं दुकान होतं. बिब लताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुकानदाराला हाताशी धरून तिथे चोरीचं नाटक ९६ वेळा बसवलं. दणकट बांध्याचा तरुण आत येई आणि विचारी, ‘तुमच्याकडची सगळ्यात महागडी परदेशी बिअर कोणती?’ विक्रेता नाव सांगून, किती शिल्लक आहे ते बघायला मागच्या खोलीत जाई. तेवढ्यात तरुण दाराजवळची बिअरची अख्खी पेटी उचले, यांना कळणारही नाही अशा अर्थाचं काहीतरी स्वतःशीच पण ऐकू जाईल असं पुटपुटे, आणि पेटी गाडीत टाकून पसार होई. निम्म्या वेळा दुकानात एकच गिऱ्हाईक असे, निम्म्या वेळा दोघं. विक्रेता परत येऊन काही झालंच नाही अशा थाटात काउंटरवर उभा राही.

आपण होऊन चोरी सांगणारे निघाले २० टक्के. मिनिटभर वाट पाहून विक्रेत्याने सहज विचारलं, ‘अहो, मघाचा तो माणूस कुठे गेला? जाताना पाहिलंत का?’ तेव्हा उरलेल्यांपैकी आणखी ५१ टक्के बोलले. म्हणजे एका साध्या प्रश्नाने साक्षीदार तिपटीने वाढले. जी माणसं गप्प होती ती चोराला सामील नव्हती, भेकडही नव्हती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

दुसरा निष्कर्ष जास्त गाजला. गिऱ्हाईक एकटं असताना, आपण होऊन किंवा विचारल्यावर, ६५ टक्के वेळा चोरी सांगितली गेली. दोघं असताना निदान एकाने तरी तोंड उघडण्याची शक्यता वाढायला हवी, कारण दोघंही गप्प राहण्याची शक्यता ३५ टक्क्यांचे ३५ टक्के, म्हणजे १२च्या आसपास. हिशोबाने ८८ टक्के यायला हवेत. प्रत्यक्षात आले ५६. दोघांनी मिळून एकट्यापेक्षा कमी काम केलं. ‘तो सांगेल की’ असं मनात म्हणणारा माणूस कार्यालयातल्या बंद पडलेल्या पंख्याच्या बाबतीतही हेच करतो.

या अभ्यासांचा उगम १९६४मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या किटी जिनोव्हीज हिच्या खुनात आहे. ३८ शेजाऱ्यांनी खून पाहिला आणि एकही पुढे आला नाही, अशी बातमी तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली होती. तो ३८ आकडा फुगवलेला होता, हे त्याच दैनिकाने २०१६मध्ये मान्य केलं. तोवर ‘शहरी माणूस निगरगट्ट’ हे पाठ्यपुस्तकात पक्कं बसलं होतं. पुढे अॅमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकास्टर इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं, तेव्हा ९१ टक्के भांडणांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडलेला दिसला, आणि गर्दी जितकी जास्त तितकी मदत मिळण्याची शक्यताही जास्त.

मग बिअरच्या दुकानात गर्दीने माणूस मुका झाला आणि रस्त्यावर बोलता झाला, असं का? माझ्या मते फरक चोरीच्या स्वभावात आहे. मारामारीत काय चाललंय हे सगळ्यांना दिसतं, मार खाणारा समोर असतो, ओरडत असतो. चोरीत ओरडणारं कुणी नाही, ज्याचं नुकसान होतंय तो मालक तिथे नाही, आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांचीच खात्री नाही.

ती खात्री नसणं अनेकदा योग्यही असतं. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सुपरमार्केटात शनिवारी संध्याकाळी उभे राहा. २०१८च्या प्लास्टिकबंदीपासून लोक घरून कापडी पिशवी आणतात, ट्रॉली मिळाली नाही तर माल सरळ पिशवीतच टाकत जातात. तूरडाळ, साबण, वर मुलाने हट्टाने घेतलेला खाऊ. काउंटरवर आल्यावर सगळं पट्ट्यावर काढून ठेवतात, बिल होतं, दारातला पहारेकरी बिलाला भोक पाडतो. पिशवीत भरतानाचा क्षण तेवढा पाहिलेल्या माणसाला ती चोरी वाटू शकते. ती चोरी की सोय, हे बिलाच्या रांगेपाशीच ठरतं आणि फडताळापाशी उभा असलेला बघ्या तिथवर गेलेला नसतो.

आणि मग कुणाची पिशवी डोळ्यांत खुपते? स्टेफेन्समायर आणि टेरी या समाजशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये अमेरिकेत हे तपासलं. दुकानात तीच चोरी, तशीच उघडउघड, पण चोर कधी नीटनेटक्या कपड्यांतला, कधी हिप्पी वेशातला. चोर पुरुष की बाई याने फारसा फरक पडला नाही, वेशाने मात्र पडला. हिप्पी दिसणाऱ्याची तक्रार ग्राहकांनी अधिक केली. आपल्याकडे हिप्पी नाहीत, पण १८७१च्या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आहेत. तो कायदा ऑगस्ट १९५२मध्ये रद्द झाला. पण पारध्याची बाई दुकानात शिरली की काउंटरमागचे डोळे आजही तिच्या मागोमाग फिरतात, हे कुणाला नव्याने सांगायला नको. ‘लोकांनी चोराला हटकावं’ असा हुकूम निघाला तर पहिला हात कुणाच्या दंडावर पडेल, ते या प्रयोगाने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवलं आहे.

भारतात दुकानचोरी किती होते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग चोरीची विभागणी वाहनचोरी आणि इतर चोरी अशी करतो, त्या ‘इतर’मध्ये उचलेगिरी विरघळून जाते. एक जुना आकडा आहे. ग्लोबल रिटेल थेफ्ट बॅरोमीटर या २०११च्या पाहणीत ४३ देशांत भारताचा पहिला क्रमांक होता. विक्रीच्या २.३८ टक्के माल गळत होता, जगाची सरासरी १.४५. या पाहणीचा खर्च चोरीरोधक टॅग बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता, हे वाचताना लक्षात असू द्यावं. आणि गळती म्हणजे सगळी गिऱ्हाइकांची चोरी नव्हे. त्याच पाहणीत जगभरच्या गळतीत ग्राहकांचा वाटा ४३ टक्के होता, कर्मचाऱ्यांचा ३५. उरलेलं हिशोबाच्या चुका आणि पुरवठादारांची हातचलाखी. फडताळांमधून फिरणारा बघ्या फार तर त्या ४३ टक्क्यांवर नजर ठेवू शकतो.

आता कायदा. चोरी दिसली तर कळवलंच पाहिजे, अशी सक्ती नागरिकावर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३मध्ये ज्या गुन्ह्यांची खबर देणं बंधनकारक आहे, त्यांत खून, दरोडा, जबरी चोरी आहेत, साधी चोरी नाही. पकडायचा अधिकार कलम ४० देतं. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही खासगी व्यक्ती पकडू शकते, मात्र विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने घातली.

खरी गोम पुढे आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी, पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर, समाजसेवेची शिक्षा आहे. ही किरकोळ चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. तिच्यासाठी पोलीससुद्धा वॉरंटाशिवाय अटक करू शकत नाहीत, मग कलम ४०चा आधार गिऱ्हाइकाला कुठून मिळणार? पण माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागू शकतं. सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. म्हणजे शाम्पूची तीच बाटली एका कलमाखाली समाजसेवा आणि दुसऱ्याखाली तुरुंग. कुठलं कलम लागेल हे पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात ठरेल. शाम्पूच्या फडताळापाशी उभ्या असलेल्या माणसाने ते चार सेकंदांत कसं ठरवायचं? चुकलं तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा त्याच्याच गळ्यात. कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद.

इंग्लंडनेही २०१४मध्ये दोनशे पौंडांची अशीच रेघ ओढली होती. दुकानदारांनी तिच्या नावाने दहा वर्षं बोटं मोडली आणि २०२५मध्ये सरकारने ती पुसण्याचं विधेयक आणलं. तिकडे रेघ पुसायची वेळ आली तेव्हा आपण नुकती ओढली होती. ती चूक आहे असं मला वाटत नाही. पाचशे रुपयांच्या मालासाठी पहिल्यांदा हात मारणाऱ्याला तुरुंग दाखवून कुणाचं भलं होत नाही. पण त्या रेघेमुळे अडवणाऱ्या बघ्याच्या पायाखालची जमीन आणखी भुसभुशीत झाली, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र ब्रिटनच्या आकड्यांत नाही, ती आपल्याकडची आहे. तिथे एकटा ग्राहक हटकतो आणि चोर चाकू काढतो. इथे एक जण ‘चोर, चोर’ ओरडतो आणि वीस जण धावतात. २२ फेब्रुवारी २०१८ला केरळच्या अट्टप्पाडीत दुकानांतून तांदूळ आणि खाण्याच्या वस्तू चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जंगलातून पकडून आणलं, हात बांधले, मारलं. कुणी त्याच्याबरोबर सेल्फी काढला. पोलिसांच्या गाडीतून नेताना वाटेत तो गेला. खटल्यात अनेक साक्षीदार फिरले. तरीही एप्रिल २०२३मध्ये १६पैकी १४ आरोपी दोषी ठरले, १३ जणांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. २०१८मध्येच १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. तिथे चोरीही नव्हती, नुसती मोबाइलवरून फिरलेली अफवा होती.

हटकण्याकडून पुन्हा विचारण्या-सांगण्याकडे येऊ. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर थॉमस मोरियार्टी या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग १९७५मध्ये प्रसिद्ध झाला. सतरंजीवर रेडिओ ठेवून मालक निघून जाई, मग ‘चोर’ येऊन रेडिओ उचले. मालकाने शेजाऱ्याला जाताना फक्त आगकाडी मागितली असेल तर २० टक्के शेजाऱ्यांनी चोराला अडवलं. ‘जरा सामानाकडे लक्ष ठेवाल का?’ असं विचारलं असेल तर ९५ टक्क्यांनी. आइसलँडच्या एका पौंडाचा खरा उपयोग तोच आहे, दुकानदाराने गिऱ्हाइकाला जाहीरपणे ‘लक्ष ठेवाल का’ असं विचारलं. आपल्या दुकानांतल्या ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ या पाट्या गिऱ्हाइकालाच दम देतात, त्याच्याकडे काही मागत नाहीत. शेजारी ‘काही गैर दिसलं तर काउंटरवर सांगा’ ही ओळ लिहायला रंगाऱ्याचे चार पैसे लागतील.

बाळाच्या दुधाचा डबा पदराखाली घेणारी बाई दिसली तर? ते ज्याचं त्याने ठरवावं. मी असतो तर डब्याचे पैसे काउंटरवर भरले असते आणि गप्प राहिलो असतो. कायद्याने सांगणं बंधनकारक नाही, तेव्हा तेवढी मोकळीक आहे.

एरवी माझं मत सरळ आहे. चोरी होताना पाहिलीत तर काय पाहिलं, कुठे आणि केव्हा, एवढं कर्मचाऱ्याला सांगा, शेजारचा सांगेल म्हणून थांबू नका. हात धरू नका, दार अडवू नका, ओरडू नका, चित्रण करून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. आणि पकडलेल्या माणसाला कुणी मारायला लागलं, तर तिथे बघे राहू नका. ११२ फिरवा, मारणाऱ्यांना मोठ्याने सांगा की पोलीस येताहेत, आणि ते येईपर्यंत जागेवरून हलू नका.